यतीन खासनिसांचा गौरवग्रंथ

माणसाने एक तरी छंद असा ठेवावा की ज्याचा जगात कुणाला काडीचा उपयोग नाही, असं आसावरीचे वडील म्हणायचे. त्यांच्या डोळ्यांपुढे पोस्टाची तिकिटं असणार. जावई तसला छंद पोटापाण्याला लावेल आणि वर इंग्लंडात जाऊन त्याचा पगार घेईल, हे बिचाऱ्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

हा जावई म्हणजे यतीन खासनीस. मूळचा पुण्याचा, राहायला लेस्टरला, नोकरीला ट्रेनने तासाभरावरच्या एका विद्यापीठात. विद्यापीठाचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे हल्ली प्राध्यापकांपेक्षा वकील जास्त आहेत. जर्मन लोकांनी जीवन, विचार आणि कला यांवर काय काय लिहून ठेवलंय, ते तो तिथल्या पोरांना शिकवायचा. आणि जर्मनांनी या तीन गोष्टींवर इतकं लिहिलंय म्हणता, की वाचणाऱ्याला जगायला, विचार करायला आणि एखादं चित्र बघायला वेळ म्हणून उरत नाही. यतीनला तर मुळीच उरला नाही.

त्यातही त्याचा खास माणूस एकच, एबरहार्ट वाइसेनबाख. दीडशे वर्षांपूर्वीचा हा गृहस्थ. त्याने ‘जीवन’ या विषयावर सात खंड लिहिले, आणि ते लिहिताना गावाची वेस ओलांडली नाही, लग्न केलं नाही, कुणाशी धड मैत्रीही केली नाही. आठवा खंड कलेवर यायचा होता, पण प्रस्तावना अर्धी झाली आणि महाराज गेले. त्या अर्ध्या प्रस्तावनेवर यतीनने पीएचडी केली. म्हणजे न लिहिलेल्या पुस्तकाच्या अपुऱ्या प्रस्तावनेवर एक अख्खं पुस्तक. लग्नानंतर हे आसावरीला नीट उमगलं, तेव्हा तिने एवढंच विचारलं होतं, "आणि या माणसाला जेवायला कोण घालायचं रे?"

यतीनने शोध घेतला. सातही खंड उलटेपालटे करून त्याला पाचव्या खंडात एक तळटीप सापडली. वर पानभर वाइसेनबाख सांगतोय की जीवनाचा अर्थ एकांतातच कळतो. आणि खाली तळटीप: ‘माझ्या बहिणीला हे पटत नाही.’ बस्स. बहिणीचं नाव नाही, गाव नाही. चाळीस वर्षं ती त्याचं करत होती, खस्ता खात होती, आणि सात खंडांत तिच्या वाट्याला एक ओळ आली. आसावरीला अख्ख्या वाइसेनबाखातली आवडलेली ओळ तेवढीच.

तळटीप ही जर्मन पंडितांची खरी राहायची जागा. वर पानभर जे असतं ते सगळ्यांना आधीच ठाऊक असतं. भांडण, टोमणा, चुकून उरलीसुरली माया, हे सगळं खाली, मुंगीएवढ्या अक्षरांत. यतीनही तसाच लिहायचा. घरातही तसाच बोलायचा म्हणा ना. मुख्य वाक्य "आज पाऊस आहे", आणि दहा मिनिटांनी खाली तळटीप, की छत्री ट्रेनमध्ये राहिली.

दोघं भेटली पुण्यात, जर्मनच्या क्लासात. त्या काळी पुण्यात जर्मन का शिकायचं असं कुणी विचारत नसे. मुंज झाली, दहावी झाली, आता जर्मन. आसावरी एक परीक्षा देऊन शहाणपणाने बाहेर पडली आणि बायोकेमिस्ट्रीकडे गेली. यतीन आत राहिला तो कायमचा. पुढे लेस्टरच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिने लोकांची रक्तं तपासली, हप्ते फेडले, तनिषाला वाढवलं, बॉयलर बदलून घेतला. घर तिच्या पगारावर चाललं आणि शेल्फं त्याच्या. त्याचं लिहिलेलं मात्र तिने एकही पान शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तिने ते लपवलं नाही आणि त्याने कधी बोलून दाखवलं नाही.

नवं लग्न झालं तेव्हा ती जर्मनीत मारबुर्गला त्याचं व्याख्यान ऐकायला गेली होती. व्याख्यान संपलं आणि हॉलमधल्या समस्त दाढीवाल्यांनी मुठी वळून बाकांवर टकाटक टकाटक सुरू केलं. तिला वाटलं, झालं, पोराला हाकलतायत. मग कळलं की जर्मन विद्यापीठांत टाळ्या वाजवत नाहीत, बाक ठोकतात. टाळ्या म्हणे नाटकाला. यतीन तिथे उभा होता तो असा लालबुंद, की वरातीतही इतका दिसला नव्हता. नंतर इंग्लंडमध्ये त्याच्यासाठी कुणी बाक ठोकला नाही. इथली पोरं लॅपटॉप मिटतात, "चिअर्स" म्हणतात आणि जातात.

आता मुद्द्याचं. जर्मन विद्यापीठांत आणखी एक रीत आहे. प्राध्यापक साठीला किंवा पासष्टीला आला की त्याचे विद्यार्थी नि सहकारी त्याचा गौरवग्रंथ काढतात. आपल्याकडे असतो तसाच. फरक एवढाच, की आपल्याकडे सत्कारमूर्ती स्वतःच संपादक नेमते, फोटो निवडते आणि प्रुफं तपासते, आणि त्यांच्याकडे सगळं चोरून चालतं. ज्याचा ग्रंथ त्याला शेवटपर्यंत कळता कामा नये. कळलेलं असतंच, पण त्याने न कळल्यासारखं वागायचं, आणि ग्रंथ हातात पडला की छातीवर हात ठेवून "मी? माझा?" असं म्हणायचं. ग्रंथात लेख कुठले? तर जे कुठल्याच मासिकाने घेतले नाहीत, ड्रॉवरमध्ये पडून मऊ झाले, ते. दिवाळी संपल्यावर शेजारी फराळाचं ताट पाठवतात, त्यातलाच प्रकार.

यतीनने आयुष्यभर दुसऱ्यांच्या गौरवग्रंथांत लेख लिहिले. घरी त्यांची एक स्वतंत्र फळी होती. ज्यांना वाइसेनबाख म्हणजे बिअरचा ब्रँड वाटायचा, अशांच्याही गौरवग्रंथांत त्याने लिहिलं. त्याची स्वतःची साठी आली, तेव्हा विभागाने सुपरमार्केटमधला गाजराचा केक कापला आणि त्यावरही नाव चुकवलं. "साठीला आता कुणी काढत नाही," तो आसावरीला म्हणाला, "पासष्टीला काढतात." मग हळूच तळटीप आली, "मला दुसरं काही नको गं. तेवढं एक व्हावं." आसावरी भांडी लावत होती. ते तिच्या मनात राहिलं.

पासष्टी जवळ आली ती नेमकी अशा दिवसांत, की देशभर विद्यापीठं कंबर कसून स्वतःचेच हातपाय तोडत होती. भाषांचे विभाग धडाधड बंद पडत होते. यतीनच्या विद्यापीठानेही काचेची एक नवी इमारत बांधून घेतली आणि मग पैसे नाहीत म्हणून गळा काढला. यतीन निर्धास्त होता. त्याचं म्हणणं, "जर्मन विभागात उरलोय मी एकटा. एका माणसातून काय कमी करणार?" अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल बहुतेक जर्मन शिकलेला असावा.

आणि एक दिवस त्याला खुणा दिसायला लागल्या.

पहिल्यांदा स्कूलची, म्हणजे सगळ्या भाषा-विभागांची, प्रमुख फिलिपा हिने त्याच्याकडे त्याच्या सगळ्या लेखनाची यादी मागितली, "अगदी सुरुवातीपासूनची." मग इमारतीच्या देखभालीचा माणूस येऊन त्याच्या खोलीतल्या शेल्फांची मापं घेऊन गेला. स्टाफच्या किचनमध्ये तो शिरला की बोलणी बंद. किटलीचा आवाज तेवढा चालू. एक जण तर त्याला बघून टीबॅग कपात तशीच टाकून निघून गेला.

"कळतंय का तुला?" तो घरी येऊन आसावरीला म्हणाला. कोट काढायचंही भान नव्हतं. "लेखनाची यादी! ती ग्रंथाच्या शेवटी छापतात. आणि शेल्फांची मापं म्हणजे, मला वाटतं, खोलीला माझं नाव देणार असतील. वाचनकक्ष वगैरे." मग घाईघाईने, "मला अर्थात काही माहीत नाही हं. मी मख्ख चेहरा ठेवलाय."

आसावरीने मख्ख चेहरा बघितला. दहा मैलांवरून कळेल असा फुललेला होता. तिच्या हॉस्पिटलमध्ये लॅबची दोनदा पुनर्रचना झाली होती. किचनमधली शांतता, मापं घेणारा माणूस आणि ‘सुरुवातीपासूनची यादी’ या तिन्हींची तिला चांगली ओळख होती. पण चुकतही असेन, असं तिने स्वतःला सांगितलं आणि कोट घेऊन खुंटीला लावला.

मग ईमेल आला. फिलिपा आणि एचआर यांच्याकडून, ‘स्कूलमधल्या जर्मन विचाराचं भावी स्वरूप आणि तुमचं आजवरचं योगदान’ याबद्दल गुरुवारी एक भेट. सोबत एका व्यक्तीला आणता येईल.

"सोबत एका व्यक्तीला!" यतीन म्हणाला. "म्हणजे तू. मारबुर्गला पण पत्नीला पहिल्या रांगेत बसवतात. पैठणी नेस."

आसावरीने तनिषाला फोन लावला. मुलगी लंडनमध्ये एका बँकेच्या एचआरमध्ये. जन्म लेस्टरचा, मराठी बोलते ती मनापासून, पण व्याकरणाला विश्वासात न घेता. तिने ईमेल दोनदा वाचून घेतला.

"आई, असला ईमेल मी रोज लिहिते," ती म्हणाली. "हा रिडंडन्सी आहे. बाबाचा जॉब जाते आहे. सोबत व्यक्ती म्हणजे युनियनची माणूस, वाइफ नाही! त्याला सांग ना, प्लीज. असा सूट घालून, स्माइल करत आत गेला तर... आई, ते खूप वाईट दिसतो. मी बघितलंय लोकांना."

"सांगते," आसावरी म्हणाली.

सांगते म्हणणं सोपं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ठरवून खाली आली, तर यतीन स्वतःच्या शर्टाला स्वतः इस्त्री करत होता. आणि शीळ घालत होता. हा माणूस शीळ घालू शकतो हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं! लग्नाला इतकी वर्षं झाली आणि नवऱ्याचा एक आवाज आपण ऐकलाच नव्हता. ती चहा ठेवून परत वर गेली.

मग पैठणीचं ब्लाउज सैल करून घ्यायला दोघं बेलग्रेव्ह रोडला गेली. एरवी दुकानात शिरलं की पाच मिनिटांत घड्याळ बघणारा हा प्राणी शिंप्याकडे स्टुलावर शांत बसून राहिला, आणि वर शिंप्याला वाइसेनबाख समजावून सांगू लागला. शिंपी गुजराती, मोठा सोशिक. तो "हां हां" करत टाके उसवत होता. आसावरीच्या अगदी ओठांवर आलं होतं. यतीन तिच्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या बाबांना दाखवायला हवं होतं हे." यावर काय डोंबल बोलणार?

तोवर हरभऱ्याच्या झाडाला शिडी लावायला लेस्टरचं मराठी मंडळही सरसावलं होतं. अध्यक्ष अवधूतला यतीनने "अजून कुणाला सांगू नकोस" असं सांगितलं. म्हणजे ग्रुपवर टाक हे वेगळं सांगायची गरज नव्हती. ‘आपल्या लेस्टरचे भूषण’ असं शीर्षक, खाली पन्नास हात जोडलेले. अवधूतने शालही आणून ठेवली. जर्मन काय असतं ते मंडळात कुणाला माहीत नव्हतं, पण सत्कार म्हटला की पोहे असतात, एवढं माहीत होतं.

आसावरीला यतीनचा राग यायला लागला. इतका शिकलेला माणूस, जर्मन पंडितांच्या मुंगीएवढ्या अक्षरांतले टोमणे दीडशे वर्षांनी पकडतो, आणि स्वतःच्या पुढ्यातला ईमेल याला वाचता येत नाही? मग स्वतःचा राग आला. मग दोन्हींच्या खालून भलतंच काहीतरी वर आलं आणि तिला लॅबच्या कोल्डरूममध्ये जाऊन डोळे पुसावे लागले. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. हे तिला ठाऊक होतंच. पण या वयात एवढं असेल अशी तिची कल्पना नव्हती.

शेवटी तिने निदान एक शहाणपण केलं. यतीनच्याच विद्यापीठात इतिहास शिकवणारा कबीर युनियनचं काम बघायचा. तिने त्याला फोन केला. तो तर रडकुंडीलाच आला होता. "मॅडम, तीन आठवडे मी त्यांना सांगायचा प्रयत्न करतोय. मी तोंड उघडलं की ते डोळा मारतात आणि म्हणतात, मला काही सांगू नकोस, मला काही माहीत नाही." गुरुवारी आपण दाराशी थांबतो, असं त्याने कबूल केलं.

बुधवारी जेवताना यतीनने भाषण काढलं. उत्तराचं भाषण, छापून आणलेलं. त्याला तळटीपा होत्या. "भाषणाला तळटीपा?" आसावरी म्हणाली.

"वाचताना थांबून सांगायच्या. मारबुर्गला सगळे तसंच करतात." त्याने पहिलं वाक्य वाचून दाखवलं, मग म्हणाला, "नको, उद्याच ऐक. तुझ्यासाठी पण सरप्राइज राहू दे."

ती शेवटची संधी होती. पुढ्यात आमटी निवत होती, तो कागदांच्या कडा जुळवत होता. आसावरी म्हणाली, "भात घेतोस?"

गुरुवारी ती पैठणी नेसून जिना उतरली. यतीन खाली टायची गाठ बांधत उभा होता. त्याने वर बघितलं आणि बघतच राहिला. मग म्हणाला, "चल. ट्रेन चुकेल."

भेटीची खोली त्या नव्या काचेच्या इमारतीत होती. दाराशी कबीर उभा, चेहरा मयताला आल्यासारखा. आत फिलिपा आणि एचआरचा एक तरुण गृहस्थ. टेबलावर पाण्याचा जग, चार ग्लास आणि मधोमध टिश्यूंचा खोका, पहिला टिश्यू सोयीसाठी अर्धा वर ओढून ठेवलेला. फिलिपाने पैठणी बघितली. तिचा चेहरा असा झाला की आसावरीला क्षणभर तिचीच दया आली. सोबत येणारी व्यक्ती सहकारी किंवा युनियनची असावी लागते, असं एचआरवाला चाचरत म्हणाला. कबीर म्हणाला, मी आहे की. आणि भरजरी पदर घेऊन ठाम बसलेल्या बाईला उठवायची हिंमत कुणाला झाली नाही.

मग ते सुरू झालं. एचआरवाला कागदावरून वाचत होता. कठीण काळ, अवघड निर्णय, विद्यार्थ्यांच्या बदलत्या गरजा. जर्मन विचाराची जागा ‘अॅट रिस्क’ आहे. म्हणजे धोक्यात. म्हणजे मेलेली, पण दाखला अजून यायचाय. शेल्फांची मापं कशासाठी, तर तिथे विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्यासाठी बीनबॅग ठेवायच्या होत्या. आसावरीने यतीनकडे बघण्याची हिंमत केली नाही. तिने त्याचे हात बघितले. हात भाषणावर होते आणि हलत नव्हते.

"तुम्हाला काही म्हणायचंय का?" फिलिपाने विचारलं. तिने टिश्यूंचा खोका बोटभर पुढे सरकवला.

"हो," यतीन म्हणाला. तो उभा राहिला, चष्मा लावला आणि त्याने भाषण वाचायला सुरुवात केली.

आसावरीला वाटलं, जमीन दुभंगावी. तो आभार मानत होता! संपादकांचे, जे नव्हते. लेखकांचे, ज्यांनी लिहिलं नव्हतं. एचआरवाल्याने कबीरकडे बघितलं, कबीरने छताकडे. यतीन सावकाश वाचत होता. वाइसेनबाखने जीवनावर सात खंड लिहिले, त्याने सांगितलं, आणि आपल्याला तीस-पस्तीस वर्षांनी शंका येतेय की त्याला जीवनातलं फार काही कळलं नव्हतं. तो दार लावून समजून घेत बसला. जगणं स्वयंपाकघरात चाललं होतं, बहिणीकडे. आपणही तसेच बसलो. फरक एवढाच की वाइसेनबाखला ती बहीण तळटीपेत तरी आठवली, आणि आपल्या आजवरच्या लेखनात आपल्या पत्नीचं नाव एकदाही आलेलं नाही. "यादी तुम्ही मागवली होती," तो फिलिपाला म्हणाला, "तपासून बघा." आणि मग थांबून, "तळटीप: तिचं नाव आसावरी. ती इथे बसली आहे. आठवा खंड मला लिहिता आला नाही, कारण तो लिहायचा नव्हताच. तो तिच्याकडे होता."

त्याने कागद जुळवले, चष्मा काढला आणि खाली बसला.

एचआरवाल्याने आपले कागद चाळून बघितले. यासाठी एचआरकडे काही छापील मजकूर नसतो. आसावरीने मूठ वळली. आधी तिलाच ते कळलं नाही. बांगड्या वर सारल्या आणि बोटांच्या सांध्यांनी टेबलावर ठोकलं. टक, टक. मग जोरात. टकाटक, टकाटक, जग हिंदकळेपर्यंत. डोळ्यांतून पाणी चाललं होतं, ते तिने टिश्यूने पुसलं नाही. कबीरला हे काय चाललंय ते माहीत नव्हतं. पण युनियनचा माणूस, टेबल बडवायचं असेल तर मागे कसा राहील? त्यानेही दोन्ही मुठींनी धरलं. एचआरवाला खुर्चीसकट मागे सरकला. फिलिपाने जग धरून ठेवला आणि आपण इथेच थांबू या, असं सुचवलं.

यतीन लालबुंद झाला होता.

परतीच्या ट्रेनमध्ये दोघं समोरासमोर बसली. पैठणीकडे येणारे-जाणारे बघत होते. आसावरी म्हणाली, "मला माहीत होतं. तनिषाने सांगितलं होतं. मी तुला सांगायला हवं होतं रे."

"हो," यतीन म्हणाला.

"तू शीळ घालत होतास. मला नाही जमलं."

"मला सकाळी कळलं," तो म्हणाला.

"सकाळी? कसं?"

"तू पैठणी नेसून खाली आलीस, आणि एक शब्द कुरकुरली नाहीस. माझ्या कार्यक्रमाला तू कधी अशी आली आहेस का? म्हटलं, काहीतरी भयंकर आहे."

आसावरीला हसू फुटलं, मग रडू, मग पुन्हा हसू. "अरे मेल्या, मग परत का नाही फिरलास?"

"भाषण लिहून झालं होतं," तो म्हणाला. आणि जरा वेळाने, "ते शेवटचं पान मात्र ट्रेनमध्ये बदललं. तू बाहेर बघत होतीस तेव्हा."

अवधूतला तिने सरळ सांगून टाकलं. ग्रुपवर दोन दिवस सुतकी शांतता होती, मग कुणीतरी आमरसाचा विषय काढला. शाल दुकानदार परत घेईना, म्हणून अवधूत ती घरी आणून देऊन गेला. ती आता सोफ्यावर असते.

पुढच्या आठवड्यात एचआरने बैठकीचं इतिवृत्त पाठवलं, दीड पान. तपासून, काही दुरुस्ती असल्यास कळवावी. यतीन दार लावून बसला आणि संध्याकाळी बाहेर आला तेव्हा त्या दीड पानाची नऊ पानं झाली होती. वर मूळ मजकूर तसाच, खाली तळटीपा, मुंगीएवढ्या अक्षरांत. तनिषा फोनवर म्हणाली, "बाबा, कोणीच वाचत नाही ती सगळं." तो म्हणाला, माझं कधीच कुणी वाचलेलं नाही, त्याने काय फरक पडतो?

तो पोस्टात टाकायला निघाला तेव्हा आसावरीने पाकीट त्याच्या हातातून काढून घेतलं. सोफ्यावर बसली, शाल पायांवर ओढली, वाचायचा चष्मा लावला. यतीन दारात बूट घालून उभाच राहिला. ती प्रत्येक ओळ वाचत होती. ‘सोबत आलेल्या महिलेने टेबलावर वारंवार हात आपटले’ या वाक्याखाली पानभर तळटीप होती, जर्मन विद्यापीठांतल्या बाक ठोकण्याच्या रीतीचा उगम आणि विकास. तीही तिने वाचली, कंटाळा आला तरी वाचली.

शेवटच्या पानावर इतिवृत्ताचं शेवटचं वाक्य होतं: ‘स्कूलला यापुढे डॉ. खासनीस यांच्या कामाची आवश्यकता नाही, असे बैठकीत सांगण्यात आले. त्यावर कुणीही आक्षेप घेतला नाही.’

खाली एकच ओळ होती. ‘माझ्या पत्नीला हे पटत नाही.’